तड्याचा जमाखर्च

चैत्रात महाकालीची यात्रा भरते तेव्हा चंद्रपूरचे ऊन काय असते, हे ज्याने सोसले त्यालाच ठाऊक. त्या दिवसांत बाजारात काळ्या-तांबड्या माठांच्या राशी लागतात. गिऱ्हाईक बाई माठ उचलते, डाव्या हातावर तोलते आणि उजव्या हाताच्या बोटाने त्याच्या पोटावर टिचकी मारते. खणखणीत वाजला तर सौदा. बद्द वाजला तर माठ मुकाट्याने खाली. कुंभारही तिला अडवीत नाही. ‘वाजवून पाहा नं बाई, पैसे मंग द्या,’ असे तोच म्हणतो. डोळ्याला न दिसणारा तडा कानाला सापडतो, हे शास्त्र तिला कोणी शाळेत शिकविलेले नसते.

हीच टिचकी आमच्याकडे जमिनीच्या पोटातही वाजते. वर्धा नदीच्या खोऱ्यात वरोरा, माजरी, चंद्रपूर, बल्लारपूर असा कोळशाचा पट्टा पसरला आहे. एकोणिसाव्या शतकात वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली; ती १९०६ मध्ये बंद पडली आणि भर बल्लारपूरकडे सरकला. आज बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो. परंतु जिथे जमिनीखाली जाऊन कोळसा काढायचा, तिथला पहिला नियम अजून तोच आहे. पाळी सुरू होताना जाणता माणूस पुढे होतो आणि डोक्यावरचे छत काठीने ठोकून पाहतो. दगड खणखणला तर ठीक. बद्द बोलला, तर वरचा थर आतून सुटला आहे असे समजायचे आणि तो पाडल्याशिवाय किंवा त्याला आधार दिल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचे नाही. लाकडी टेकूचीही अशीच भाषा आहे. भार वाढला की लाकूड कुरकुरते, मग कडकडते. पोलादी टेकू अधिक ताकदीचा खरा, पण तो पुष्कळदा मुका असतो. म्हणून जुने खाणकामगार लाकडाच्या टेकूवर जीव टाकीत.

मात्र या टिचकीने एकच प्रश्न सुटतो: तडा आहे की नाही. त्याहून मोठा प्रश्न पुढेच उभा असतो. असलेला तडा वाढेल काय? वाढलाच तर कोणत्या वाटेने, किती वेगाने आणि कुठे थांबेल? या प्रश्नाचे उत्तर कान देऊ शकत नाही. ते गणिताने काढावे लागते, आणि गेल्या शंभर वर्षांत माणसाने ते गणित कसे बसवीत आणले, ही मोठी चित्तवेधक कथा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. तडा म्हणजे नाश नव्हे. बल्लारपूरच्या लाकूड डेपोत गडचिरोलीकडच्या, आलापल्लीच्या जंगलातले सागाचे ओंडके रचलेले असतात. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान गेले ते इथूनच. त्या ओंडक्यांची तोंडे पाहा. बहुतेकांना गाभ्यापासून बाहेर पसरणाऱ्या चिरा दिसतील. ओंडका तोंडाकडून लवकर वाळतो, मधून सावकाश वाळतो. वाळलेला भाग आकसू पाहतो, ओला त्याला आकसू देत नाही, आणि या ओढाताणीत लाकूड उलते. म्हणून व्यापारी घाबरून परत जात नाही. चीर किती खोल गेली आहे, फळ्या पाडताना किती लाकूड वाया जाईल, याचा अंदाज करून तो लिलावात बोली लावतो. जुन्या वाड्यांच्या तुळयांना तीन-तीन पिढ्यांच्या भेगा असतात आणि त्यांच्याखाली लग्ने लागतात. उलट एखादी काच केसाएवढ्या ओरखड्याने क्षणात दुभंगते. याचे कारण काय?

याचा पहिला उलगडा इंग्लंडमध्ये झाला. १९१३ मध्ये चार्ल्स इंग्लिस या अभियंत्याने पत्र्यातल्या भोकाभोवती ताण कसा साचतो याचे गणित मांडले. गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक लांबट असेल तर तो त्याहून वाढतो. लांबी रुंदीच्या दसपट झाली की टोकाशी ताण एकवीस पट होतो. कापडाच्या दुकानात हे रोज दिसते. दुकानदार कापडाच्या काठाला कात्रीने जरासा छेद देतो आणि मग दोन्ही हातांनी ओढून टर्रकन सरळ फाडतो. त्या छेदाशिवाय तेच कापड दोघांनी ओढले तरी फाटत नाही. सगळा ताण छेदाच्या टोकाशी गोळा होतो, ही त्यातली मेख.

पण यातून एक पेच निर्माण झाला. तड्याचे टोक अतिशय तीक्ष्ण असते. मग तिथला ताण जवळजवळ अमर्याद मानावा लागेल, आणि जगातली प्रत्येक तडकलेली वस्तू हात लावताच फुटली पाहिजे. तसे तर होत नाही. हा पेच सोडविला फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ॲलन ग्रिफिथ या तरुणाने. १९२१ मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याने तड्याच्या टोकाकडे पाहणे सोडले आणि व्यापाऱ्याप्रमाणे तड्याची चोपडी उघडली.

दिवाळीच्या दिवसांत चोपडीची उपमा वाचकांना नवी वाटणार नाही. ताणलेल्या वस्तूत ऊर्जा साठलेली असते, जशी ताणलेल्या रबरात असते. तडा पुढे सरकला की त्याच्या आजूबाजूचा भाग सैल पडतो आणि तिथली साठलेली ऊर्जा मोकळी होते. ही जमेची बाजू. पण तडा पुढे सरकायचा म्हणजे दोन नवे पृष्ठभाग तयार व्हायचे. पदार्थाचे कण एकमेकांपासून ओढून अलग करावे लागतात, त्याला ऊर्जा लागते. ही खर्चाची बाजू. खर्च लांबीच्या प्रमाणात वाढतो, जमा मात्र लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून तडा लहान असतो तोवर त्याचा धंदा तोट्याचा असतो आणि तो जागच्या जागी बसून राहतो. एका ठराविक लांबीनंतर जमा खर्चाला मागे टाकते. मग त्याला बाहेरून जास्तीचे बळ द्यावे लागत नाही. तो आपल्याच नफ्यावर धावत सुटतो. हिशेबातून निघालेला नियम सोपा आहे: तडा चौपट लांब झाला, की वस्तू निम्म्या ताणात मोडते.

साधे काँक्रीट घेतले, तर एक चौरस मीटरभर तडा पाडण्याचा खर्च किती? साधारण एक किलोचे वजन दहा मीटर उंच उचलायला लागते तेवढाच. तीनमजली इमारतीच्या गच्चीवर साखरेचा एक पुडा नेण्याएवढ्या कष्टात मीटरभर लांब-रुंद भिंत दुभंगते, हे वाचून धसका बसतो. पण आकडा खरा आहे.

ग्रिफिथचा हिशेब सुबक होता, पण तो सरळ पत्र्यातल्या सरळ तड्याचा. धरण, खाण, विमान, बॉयलर यांचे आकार असे शहाण्यासारखे नसतात. कागदावरच्या सूत्रात ते बसत नाहीत. इथे एक जुनीच युक्ती कामी आली. भूमापक वेड्यावाकड्या शेताचे क्षेत्रफळ कसे काढतो? त्याचे त्रिकोण पाडतो, एकेक त्रिकोण मोजतो आणि बेरीज करतो. अभियंत्यांनी धरणाचे, पंखाचे, खांबाचे असेच लहान लहान तुकडे पाडले. प्रत्येक तुकडा शेजाऱ्याला किती ओढतो आणि किती ढकलतो याची समीकरणे मांडली. तुकडे हजार असले तर समीकरणेही हजारांनी होणार. ती माणसाच्या हातून सुटणार नाहीत, म्हणून ती संगणकाला दिली. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या रे क्लफ यांनी १९६० मध्ये या पद्धतीला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिले. मौज अशी, की या पद्धतीने सोडविलेल्या पहिल्या मोठ्या प्रश्नांपैकी एक होता आर्कान्सा राज्यातल्या नॉरफोर्क धरणाचा, आणि त्या धरणाला बांधकामाच्या वेळीच उभा तडा गेलेला होता. तडा असलेले हे धरण भरल्यावर सुरक्षित राहील काय, असा तो प्रश्न. म्हणजे या पद्धतीची पाटी-पेन्सिलच तड्यावर सुरू झाली.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ; कारण या शास्त्राच्या इतिहासातले एक मोठे पान आपले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली, हजारो घरे पडली. एकशे तीन मीटर उंचीचे कोयना धरण मात्र उभे राहिले. उभे राहिले, पण तडकले. धरणाच्या खालच्या अंगाचा उतार पायथ्यापासून सुमारे सहासष्ट मीटरांवर एकदम बदलतो. त्या ‘माने’जवळ, दोन्ही अंगांना, आडव्या भेगा गेल्या. धरणाच्या आत बसविलेल्या यंत्राने त्या पहाटेचे हादरे नोंदून ठेवले होते. धरण किती उंच, कसे कापलेले, हादरा नेमका कसा, आणि तडा कुठे गेला, या चारही गोष्टी एकत्र माहीत असलेले असे उदाहरण जगात फार दुर्मिळ. १९७३ मध्ये बर्कलेचे अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी संगणकावर तो हादरा पुन्हा धरणाला दिला, तेव्हा सर्वांत जास्त ताण त्या मानेजवळच दिसला. धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी धरलेले बळ प्रत्यक्ष हादऱ्याच्या मानाने फारच थोडे होते, हेही उघड झाले. पुढे धरणाला मागून आधार देऊन मजबूत करण्यात आले. आज जगात कोणीही तडा वाढण्याचे नवे गणित काढले, की ते कोयनेवर चालवून दाखविण्याची चाल पडली आहे. अ‍ॅबॅकस या सुप्रसिद्ध संगणकप्रणालीच्या उदाहरणांतही कोयना आहे.

ताण कुठे जास्त हे सांगणे निराळे आणि तडा कसा चालत जाईल हे सांगणे निराळे. या दुसऱ्या कामात तुकड्यांच्या पद्धतीचे एक व्यंग उघडे पडले, आणि माझ्या मते या साऱ्या कथेतला खरा धडा तिथेच आहे.

१९६७ मध्ये न्गो आणि स्कॉर्डेलिस यांनी सोपा उपाय केला होता: दोन तुकड्यांमधली शिवण उसवायची, म्हणजे तडा. पण गोधडी जशी शिवणीवरच उसवते, तसा हा तडा गणित करणाऱ्याने आखलेल्या रेषांवरूनच जाई. खरा तडा कोणाच्या आखणीचे ऐकत नाही. दुसऱ्या वर्षी रशीद यांनी वेगळी वाट काढली. शिवण न उसवता, ज्या तुकड्यावर ताण मर्यादेबाहेर गेला तो तुकडाच निकामी झाला असे धरायचे. जणू तडा त्या तुकड्यात सारवून टाकला. ही रीत फार लोकप्रिय झाली. परंतु काही वर्षांनी लोकांच्या लक्षात एक विपरीत गोष्ट आली. तुकडे जितके बारीक पाडावेत, तितका तडा स्वस्तात पुढे जाऊ लागे! तुकडा निम्मा केला की तडा निम्म्या खर्चात सरके. तुकडे अगदी सूक्ष्म केले तर खर्च शून्याकडे. बारीक काम केले की उत्तर अधिक खरे यावे, ही गणितातली साधी अपेक्षा. इथे बारीक काम केले की उत्तर अधिक खोटे येई. चोपडीतली खर्चाची बाजूच कोणी तरी पुसून टाकल्यासारखे झाले.

ही चूक १९७६ मध्ये स्वीडनच्या हिलरबोर्ग यांनी दुरुस्त केली. तुकडा केवढाही असो, एक चौरस मीटर तड्याचा खर्च पदार्थाच्या स्वभावाप्रमाणे आधीच ठरवून घ्यायचा आणि तेवढा वसूल झाल्याशिवाय तड्याला पूर्ण उघडू द्यायचे नाही, असा त्यांचा नियम. १९८३ मध्ये बाजांट आणि ओह यांनी हाच विचार सारवलेल्या तड्याला लावला. खर्चाचा रकाना पुन्हा भरला आणि उत्तरे ताळ्यावर आली.

आखणीच्या रेषांची गुलामी मात्र शिल्लक होती. ती १९९९ मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या बेलिचको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोडली. त्यांची युक्ती आपल्या शेतकऱ्याला लगेच समजेल. पायवाट गटांच्या धुऱ्यावरूनच जाते असे नाही. ती कुणाच्याही गटातून तिरपी जाते. म्हणून काही आपण गावाचा नकाशा नव्याने काढीत नाही. ज्या गटातून वाट जाते त्या गटाच्या उताऱ्यावर तेवढी नोंद करतो. तसेच इथे. तुकड्यांची आखणी होती तशीच ठेवायची. ज्या तुकड्यातून तडा जातो त्याच्या हिशेबात ‘हा तुकडा अमुक रेषेने दुभंगला आहे’ एवढी जास्तीची संज्ञा घालायची. तडा आता हवा तसा वळू लागला.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये फ्रँकफोर आणि मारिगो यांनी १९९८ साली आणखी मुळाशी हात घातला. ते थेट ग्रिफिथच्या चोपडीकडे परतले. तडा कुठून जावा हे आपण सांगायचेच नाही. सबंध वस्तूचा एकूण जमाखर्च ज्या आकाराने सर्वांत कमी येईल, तो आकार तडा स्वतः शोधील, असे त्यांनी मांडले. हे संगणकावर बसविताना तड्याला धारदार रेषा न मानता संधिप्रकाशासारखे मानतात. दिवस आणि रात्र यांच्यामध्ये जशी सांज, तसा अखंड दगड आणि तुटलेला दगड यांच्यामध्ये शून्यापासून एकापर्यंत हळूहळू चढणारा एक आकडा. या रीतीने तड्याला फांद्या फुटतात, दोन तडे एकमेकांना मिळतात, आणि हे सारे कोणी न सांगता घडते. किंमत एकच: सांजेचा तो पट्टा नीट पकडायला तुकडे अतिशय बारीक लागतात आणि संगणकाला तासन् तास राबावे लागते.

एवढी साधने हाती आली. मग आमच्या खाणीतल्या माणसाच्या डोक्यावरचे छत आता संगणक सांभाळील काय?

एक हिशेब स्वतः करून पाहू. जमिनीखालच्या खाणीत कोळशाचा सगळा थर एकदम काढीत नाहीत. आडव्या-उभ्या गल्ल्या पाडतात आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात. समजा थर शंभर मीटर खोल आहे. दर चौरस मीटरवर वरच्या दगडाचा भार सुमारे अडीचशे टन. खांब वीस मीटरांचा आणि गल्ली चार मीटरांची असेल, तर खांबाला स्वतःच्या डोक्यावरचा भार पेलून गल्लीवरचाही पेलावा लागतो. तो दर चौरस मीटरला तीनशे साठ टन होतो. आता कोळशाच्या लोभाने तोच खांब चारही बाजूंनी कापून दहा मीटरांचा केला, तर भार किती? दुप्पट नव्हे, चौपट. सुमारे एक हजार चारशे चाळीस टन. शिवाय बारीक झालेल्या खांबाची पेलण्याची ताकदही उतरते.

हे उतरणे किती, याचा धडा जगाने फार महागात घेतला. २१ जानेवारी १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेत कोलब्रूकच्या खाणीत खांबामागून खांब कोसळले आणि चारशेहून अधिक कामगार कायमचे आत राहिले. त्यानंतर सॅलामॉन आणि मन्रो यांनी एकशे पंचवीस खाणभागांची नोंद काढली. अठ्ठ्याण्णव उभे होते, सत्तावीस कोसळलेले. त्यांवरून १९६७ मध्ये त्यांनी खांबाच्या ताकदीचे सूत्र बसविले. ते सूत्र आपल्या उदाहरणाला लावून, कोळशाचा थर तीन मीटर जाडीचा धरला, तर वीस मीटरांचा खांब सुमारे चौदाशे टन पेलतो आणि भार आहे तीनशे साठ. जवळजवळ चौपट निर्धास्ती. दहा मीटरांचा खांब पेलतो सुमारे हजार टन आणि भार आहे चौदाशे चाळीस. म्हणजे तो गेलाच. हे आकडे तिकडच्या कोळशाचे, केवळ नमुन्यादाखल. आपल्याकडे १९५७ च्या कोळसा खाण नियमावलीत खोली आणि गल्लीची रुंदी पाहून खांबाचे किमान माप बांधून दिले होते. २०१७ मध्ये तिच्या जागी नवी नियमावली आली.

सूत्राच्या मुळाशी काय आहे ते पाहा. कोणी तरी खाणीत उतरून सव्वाशे ठिकाणी मोजमाप केले, आणि त्यातली सत्तावीस तर कोसळलेली. छताचेही तसेच. १९८० च्या दशकात धनबादच्या खाण संशोधन संस्थेने भारतीय खाणींच्या छताला शंभरपैकी गुण देण्याची रीत बसविली. दगडाच्या थरांची जाडी: तीस गुण. भेगा, सांधे, भ्रंश यांना पंचवीस. पाण्याने दगड किती झिजतो याला वीस. पाझराला दहा. आणि खुद्द दगडाच्या ताकदीला? पंधरा! दगड किती मजबूत यापेक्षा तो कुठे कुठे आधीच तुटलेला आहे याला जास्त भाव. ग्रिफिथने काचेत पाहिले तेच धनबादच्या लोकांनी कोळशाच्या छतात पाहिले.

आमच्याकडच्या कोळशावर वालुकाश्माचे थर आहेत. ते एकसंध नाहीत. मध्ये मऊ पापुद्रे, उभे सांधे, पाण्याच्या वाटा. अशा दगडासाठी निराळे गणित लागते. १९७१ मध्ये लंडनच्या पीटर कुंडॉल यांनी दगड म्हणजे सुट्या ठोकळ्यांची रास असे धरून, ठोकळे एकमेकांवर कसे घासतील व घसरतील याचा हिशेब करण्याची रीत काढली. ती आज खाणकामात फार वापरली जाते. पण ठोकळे कसे पडले आहेत हे संगणकाला कळणार कसे? कोणी तरी आत जाऊन सांधे मोजले तरच. सांध्याची दिशा दहा अंशांनी चुकली, तर पडद्यावरचे रंगीत चित्र तितकेच सुंदर दिसेल आणि तितकेच खोटे असेल. चुकीच्या आकड्याने चित्राचा रंग फिका पडत नाही, यातच धोका आहे.

म्हणून कोणी असे चित्र पुढे ठेवून ‘छत सुरक्षित आहे’ असे म्हणाला, तर तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याखाली उभे राहणाऱ्या प्रत्येकाला असला पाहिजे. तड्याचा खर्च म्हणून जो आकडा धरला, तो याच दगडातून मोजला की पुस्तकातून उचलला? तुकडे निम्मे केल्यावर उत्तर तेच येते काय? आणि आज सकाळी छत कोणी ठोकून पाहिले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अभियंत्याने द्यायची. तिसऱ्याचे उत्तर ज्याच्या हातात काठी आहे त्याने द्यायचे. आणि तो ‘बद्द वाजते’ म्हणाला, तर त्या दिवसापुरते गणित बाजूला ठेवायचे. हल्ली दगडातली बारीक करकर टिपणारी यंत्रे निघाली आहेत. ती म्हणजे याच काठीची लेक.

यावरून गणिताची थोरवी कमी झाली असे कोणी समजू नये. काठी आजचे सांगते. उद्या खांब कापला तर काय होईल हे तिला सांगता येत नाही, आणि कापल्यानंतर सांगून उपयोग नसतो. कोलब्रूकच्या आधी ते सूत्र असते, तर कितीतरी घरांत दिवा राहिला असता. उद्याचे सांगणारा एवढा एकच सोबती आपल्यापाशी आहे. त्याला खरे आकडे पुरविणे हे आपले काम.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नवी चोपडी उघडतो, पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहितो आणि जुन्या वर्षाचा हिशेब मिटवून टाकतो. तड्याच्या चोपडीत नवे साल नसते. आज जिथे तो थांबला आहे, तिथूनच उद्याचा हिशेब सुरू होतो. मागची बाकी एका पैशानेही न सुटता पुढे ओढली जाते. म्हणून दिवाळीच्या सुटीनंतरची पहिली पाळी खाली उतरेल, तेव्हाही काठीवाला सर्वांच्या पुढे असेल. छत चार दिवस कोणी ऐकलेले नसेल. तो थांबेल, काठी वर करील आणि ठोकील. आणि मागची माणसे, बाजारातल्या त्या बाईसारखीच, श्वास रोखून ऐकतील.